सहा पूर्णांक एक

आत्या लाल चष्मा लावून कामावरून घरी येऊ लागली, तेव्हा गल्लीने पहिल्या दिवशी ‘डोळे आलेत’ असं ठरवलं, दुसऱ्या दिवशी ‘ऑपरेशन झालंय’ असं. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने पंक्चरच्या घमेल्यातून मान वर काढून, "आत्या, सिनेमा कधी लागतोय?" असं विचारलं आणि विषय तिथे मिटला. आत्या थांबली नाही. तिला तारा गाठायचा होता. आठ वाजून छत्तीस मिनिटांनी तो शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे जायचा. काल आठ-चाळीसला गेला होता, उद्या आठ-बत्तीसला जाणार. रोज चार मिनिटं आधी. आणखी अडीच-तीन आठवड्यांनी अंधार पडायच्या आत टाकीमागे जाईल, की पुढे काही महिने भेट नाही.

ती नक्की कुणाची आत्या, तर आता हाताशी कुणाचीच नाही. राहायची भावाकडे. भाचरं शिकून पांगली, हाक तेवढी गल्लीत राहून गेली. भाऊ कायम पेपरामागे, त्यामुळे घरातलं बोलायचं काम वहिनी एकटीच ओढायची, आणि ओढताना दमायची नाही.

आत्याचा धंदा दातांचा. बावन्नाव्या वर्षीही स्वतःचे सगळे शाबूत, पण बनवायची दुसऱ्यांचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा लॅबमध्ये पाठवायचे, लॅबमध्ये कॅप तयार व्हायची, आणि भट्टीत शेवटचं जाण्याआधी ती आत्याच्या टेबलावर यायची. रंगासाठी. टेबलावर एक पट्टी असायची, तिच्यावर सोळा नमुन्याचे दात, पांढऱ्याच्या सोळा परी. "माणसाच्या तोंडात पांढरं काही नसतं," ती म्हणायची, "पांढरं फक्त जाहिरातीत." शेजारच्या खऱ्या दाताचा रंग या सोळांतल्या कुठल्या दोघांच्या मधे बसतो ते बघायचं आणि केसाएवढ्या ब्रशने तो कॅपवर चढवायचा. गेली सत्तावीस वर्षं कॅप परत आली नव्हती. एकीची ऑर्डर पुन्हा आली होती, ती पेशंटने गिळली म्हणून.

आकाशातही ती तेच करायची. वायव्येकडे ताऱ्यांची अर्धी वाटी आहे, त्या वाटीत तिचा एक तारा. दुर्बिणीतून बघायचं, शेजारी एक तारा किंचित उजळ, एक किंचित मंद, आपला कुठे बसतो ते ठरवायचं आणि आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, असा त्या लोकांचा उलटा हिशेब. तिच्या ताऱ्याचा आकडा सहा पूर्णांक एक. रोज सहा-एक. एकोणीस वर्षं, मधला एक अपवाद सोडून.

"आणि बदलत नाही ना?" वहिनी विचारायची.

"नाही."

"मग बघतेस कशाला?"

"बदलला तर?"

यावर वहिनी कपाळाला हात लावून ओट्याकडे वळायची. पण तो बदलायचा, हे खरं होतं. वर्षानुवर्षं गप्प बसायचा आणि एक दिवस, कुणाला न सांगता, स्वतःभोवती काजळी धरायचा आणि विझत जायचा. अकरा वर्षांपूर्वी एकदा विझला होता, आणि सगळ्या आकाशनिरीक्षक मंडळात ते पहिल्यांदा आत्याने पाहिलं होतं. मंडळाचे चिटणीस खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नसत. "अहं. नोंद असं सांगते," ते नवीन सभासदांना म्हणायचे, "की ताईंचा आकडा आला म्हणजे ताऱ्याने स्वतः सही केली." मंडळाचा एक नियम होता, आकड्याबद्दल शंका असेल तर पुढे दोन टिंबं द्यायची. आत्याच्या एकोणीस वह्यांत टिंबं शोधावी लागत.

मग दिवा आला.

आधी मागच्या गल्लीत खांबावर एक पिवळा दिवा होता, आजारी माणसासारखा, असला काय नसला काय. त्या जागी पांढरा एलईडी बसला आणि आत्याच्या मागच्या अंगणात कपड्यांची सावली भिंतीवर धुतल्यासारखी स्वच्छ पडू लागली. वहिनी खूश. "रात्री चिमटे सापडतात!" आत्याने वर पाहिलं. आकाशाला कुणी पातळ दूध लावल्यासारखं झालं होतं. वाटीतले अर्धे तारे गेले. दुर्बिणीत तिचा दिसला, पण कष्टाने, गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसा.

तिने उपाय सुरू केले. दोरीवर जाड चादर टाकून पाहिली, वारा आला की दिवा चादरीखालून डोकवायचा. मोठी काळी छत्री खुर्चीला बांधली, ती एकदा उलटली आणि भावाच्या पेपरावर जाऊन बसली. शेवटी डोक्यावरून काळं कापड आणि दुर्बिणीला पुठ्ठ्याच्या नळ्या, एवढ्यावर आलं. खांबावर चढलेल्या वायरमनला तिने खालून हाक मारली, तर तो तोंडात स्क्रू धरून बोलायचा.

"ह्याला आमच्या बाजूने पत्रा लावता येईल का हो? आडोसा?"

"हेईल की. अह्हं द्या."

"काय?"

त्याने स्क्रू काढला. "येईल की. अर्ज द्या. शेजाऱ्यांची सही घेऊन. पण मावशी, एक सांगू का? चौदा वर्षं खांबावर चढतोय, लोक दिवा द्या म्हणून भांडतात. दिवा झाका म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

शेजाऱ्यांची सही म्हणजे हेडबाईंची. पाण्याची टाकी त्यांचीच. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांच्या वाक्याच्या शेवटी छडी असायची. या नव्या दिव्यासाठी त्यांनी दोन वर्षं अर्ज केले होते, कारण त्याच गल्लीत, त्याच पिवळ्या दिव्याखाली, उघड्या गटारात पाय जाऊन त्या पडल्या होत्या आणि मनगटाचे दोन तुकडे झाले होते. दिवा लागला त्या संध्याकाळी त्यांनी ते वाकडं मनगट भिंतीवरून आत्याला दाखवलं. "बघ. आता सुई पडली तरी दिसेल. प्रयत्नांती सगळं होतं. कळलं?"

"कळलं," आत्या म्हणाली आणि अर्जाचा कागद तिने वहीत ठेवला, तो तिथेच राहिला.

लाल चष्मा हा शेवटचा उपाय. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि लॅब सव्वासातला सुटायची. घरी येऊन अर्धा तास काळोखात बसायचं तर थोड्याच दिवसांत त्याआधीच तारा टाकीमागे. पण लाल काचेतून पाहिलं तर डोळ्याची अंधाराची तयारी उजेडातही होत राहते. म्हणून ती पावणेसातला लॅबमध्येच चष्मा चढवायची, शेवटचं आवरायचं काम त्यातूनच करायची आणि तसंच घरी यायची. अडलेली एखादी कॅप रंगवायची असली तर चष्मा कपाळावर सरकवायचा, दोन हात ब्रश फिरवायचा, पुन्हा खाली. युक्ती बरी चालली होती.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी लॅबचे मालक तिच्या टेबलाशी आले. मालक कायम फोनवर असल्यासारखे बोलायचे, समोरचा माणूस दोन हातांवर असला तरी.

"हॅलो, ताई. त्या डॉक्टरीणबाईंचा फोन होता." मग आवाज बारीक करून, बाईंचा: "‘अहो, समोरचा दात म्हणजे माझ्या पेशंटने हळद खाल्ल्यासारखा दिसतोय!’" पुन्हा स्वतःचा: "कॅप परत आलीय. पिवळी झालीय म्हणे."

आत्याने कॅप खिडकीपाशी नेली. पिवळी होती. थोडीच, पण सत्तावीस वर्षांत ‘थोडीच’ हा शब्द तिने कधी वापरला नव्हता.

"होतं हो कधी कधी," मालक म्हणाले. "ते नवीन यंत्र आलंय बघा, दातावर टेकवलं की शेड आपोआप सांगतं. बघू म्हणतो."

त्या संध्याकाळी दुर्बिणीत तारा सहा-चार होता.

आत्याने दुर्बीण पुसली. पुन्हा पाहिलं. खाली केली, शंभर मोजले, पुन्हा पाहिलं. सहा-चार. दिव्यामुळे? पण दिवा मंद करील तर सगळ्यांनाच करील, शेजारचे दोघे जागच्या जागी आणि आपलाच तेवढा कसा घसरेल? हे तिने स्वतः नवीन सभासदांना दहा वेळा शिकवलं होतं. मग राहिलं काय? शेजारचे तारे निळसर पांढरे, तिचा किंचित पिवळा. कॅपमध्ये आपल्याला पिवळं कमी दिसलं म्हणून आपण जास्त लावलं. ताऱ्यातलंही पिवळं कमी दिसतंय. दोन्हीकडे डोळेच.

आईला असंच झालं होतं. शेवटी शेवटी ती चहा कपाच्या शेजारी ओतायची आणि वर म्हणायची, "भरला ना?" मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटली तेव्हा आई खिडकीच्या पडद्याकडे बघत बसली होती. "हा निळा आहे? मी इतकी वर्षं करडाच समजत होते." घरात सगळे हसले होते. आत्याला आता अंगणात उभं राहून ते हसणं आठवलं. पडदा करडा की निळा, आईला चाललं. ज्या बाईचं पोट सोळा पांढऱ्यांवर चालतं, तिला चालणार नाही.

सहा-चार लिहायचं म्हणजे स्वतःचे डोळे गेल्याचा दाखला स्वतःच्या हाताने लिहिण्यासारखं होतं. शिवाय आकडा गेला की मंडळात धावपळ, लांबलांबच्या लोकांच्या मोठ्या दुर्बिणी वळणार, आणि मग चिटणीस खाकरून म्हणणार, अहं, ताई, नोंद असं सांगते की तारा जागेवर आहे.

तिने लिहिलं सहा-एक. उद्या बघू म्हणाली. आणि सकाळी नेहमीप्रमाणे आकडा चिटणीसांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी सहा-पाच दिसला. तिने सहा-एक लिहिलं. तिसऱ्या दिवशी दुसरी कॅप परत आली, या वेळी मालकांनी आवाजाची नक्कल केली नाही, आणि तेच जास्त वाईट वाटलं. लॅबमध्ये ती प्रत्येक कॅप तीन-तीनदा बघू लागली, पोरी मागे खुसखुसू लागल्या. घरी जेवताना ताटातलं काय कुठल्या रंगाचं हे मनात म्हणून बघायची.

"मीठ कमी आहे का?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"मग ताटाशी काय पुटपुटतेस? मंत्र मारतेस का माझ्या स्वयंपाकावर?"

सहा-सात. सहा-आठ. वहीत सहा-एक, सहा-एक. आठव्या संध्याकाळी तारा शेजारच्या मंद ताऱ्याच्याही खाली गेला, आत्याने काळ्या कापडाखाली दोन्ही डोळे घट्ट मिटले, आणि सहा-एक लिहून झाल्यावर आत जाऊन वहिनीला म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतेस?"

वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत नणंदेने कधी बरोबर चल असं म्हटलं नव्हतं. "येते की," एवढंच म्हणाली.

डॉक्टर तरणाबांड होता आणि एका दमात सगळं म्हणायचा. "हनुवटी इथे कपाळ टेकवा वर बघा खाली बघा माझ्या कानाकडे बघा पापणी मिटू नका मिटलीत." मग थेंब घातले, अर्धा तास बसवलं, पुन्हा हनुवटी, पुन्हा कान. दिव्याच्या त्या पांढऱ्या भगभगाटात आत्या श्वास धरून बसली होती.

"छान आहेत," डॉक्टर म्हणाला.

"काय?"

"डोळे. मोतीबिंदूची सुरुवातसुद्धा नाही, मागचा पडदा स्वच्छ. तक्रार काय होती?"

"पिवळं मंद दिसतं. निळं आहे तसं."

"उलटं सांगताय, मावशी. मोतीबिंदू म्हणजे आतल्या भिंगावर पिवळी झाक. ती निळं अडवते, पिवळं सोडते. तसं असतं तर तुमचं निळं आधी गेलं असतं, पिवळ्याला काही झालं नसतं."

हा निळा आहे? मी इतकी वर्षं करडाच समजत होते. आईने सगळं सांगितलं होतं, घरात बसून, सगळ्यांसमोर, आणि सगळे हसले होते.

"आणि हे काय?" डॉक्टरने तिच्या मांडीवरचा लाल चष्मा उचलला. वहिनीने तत्परतेने सांगितलं, हे लावून ती काम करते, मधेच काढते, रंगवते, पुन्हा घालते, आम्ही सगळे सांगून दमलो. डॉक्टर हसला. "अर्धा तास लाल बघून काढलात की काही मिनिटं सगळं हिरवट, फिक्कं दिसणारच. तेवढ्यात रंग लावायला बसलात तर हात जास्तच पडेल ना?"

कॅपचं कोडं सुटलं. डोळे होते, नोकरी होती. आत्या खुर्चीतून उठली आणि दारापाशी येऊन थांबली. डोळे चांगले आहेत. म्हणजे तारा खरंच मंद होतोय. आठ दिवस. आणि आठही दिवस आपण त्याला सहा-एक लिहिलंय.

घरी आल्यावर तिला फोनवरचे आकडे दिसेनात, थेंबांमुळे जवळचं सगळं विरघळलेलं. वहिनीने नंबर लावून दिला आणि शेजारीच उभी राहिली.

"अहं. ताई! बरं झालं फोन केलात, मी करणारच होतो. तारा पडतोय. काल चौघांनी कळवलंय, आकडा आहे—"

"आकडा सांगू नका!" आत्या ओरडली. दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की स्वतःचा डोळा त्याच्याकडे ओढला जातो, म्हणून आधी आपलं बघायचं, मग दुसऱ्याचं ऐकायचं. हा नियम सगळ्यांना तिनेच लावला होता.

"बरं, नाही सांगत. पण मी जरा गोंधळलोय. तुमचा कालचा सहा-एकच आहे. म्हणून तर आम्ही थांबलो. आपल्या त्या नवीन सभासद आहेत ना, बँकेतल्या, त्यांनी पाच दिवसांपूर्वीच कळवलं होतं मंद होतोय म्हणून. मी त्यांना म्हटलं, बाई, ताई सहा-एक म्हणतायत, तुम्ही दुर्बीण पुसा. दोन दिवस त्यांनी आकडाच पाठवला नाही, बिचाऱ्या."

आत्याने वहिनीकडे पाठ केली.

"त्यांचं बरोबर होतं," ती म्हणाली. "माझं खोटं होतं. मला मंद दिसत होता. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं माझे डोळे गेले."

या वेळी चिटणीस खाकरले नाहीत.

"मग टिंबं द्यायचीत, ताई," ते म्हणाले. "शंका होती तर दोन टिंबं. त्यासाठीच आहेत ती."

"माझे आठही आकडे काढून टाका. आणि पहिली नोंद त्या बाईंची लावा."

"काढतो. पण खरे आकडे द्या ना, काय दिसलं होतं ते. पहिल्या दिवसाचा तर फक्त तुमच्याकडेच असणार."

"नाहीत. लिहिले नाहीत."

"आठवतात?"

आठवत होते. सहा-चार, सहा-पाच, पुढचे सगळे, रोजची वेळसुद्धा. चार शब्द उच्चारले असते की पहिली नोंद तिचीच झाली असती. "आठवणीतला आकडा आपण घेत नाही," आत्या म्हणाली. "आणि त्या बाईंचा नंबर द्या मला. वहिनी लिहून घेईल."

बँकेतली बाई फोनवर आधी घाबरली, मग म्हणाली, "अहो ताई, मी तर पुसून पुसून दुर्बिणीची काच खराब केली." आत्या हसली नाही. माफ करा म्हणाली, दोनदा.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना लाल चष्म्याचं सगळं सांगितलं, दोन्ही कॅप दुपारच्या उजेडात खिडकीशी बसून पुन्हा रंगवल्या आणि चष्मा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. "हॅलो, म्हणजे डोळे ठीक ना?" मालक म्हणाले. यंत्राचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिने विचारला नाही, पण तो तिथेच कुठेतरी बसलेला होता.

संध्याकाळी ती चष्म्याशिवाय घरी आली. सायकलवाला म्हणाला, "सिनेमा पडला वाटतं." अंगणात तिने डोक्यावरून काळं कापड ओढलं आणि आत अंधारात बसली. अर्धा तास हवा होता, मिळाली अठरा मिनिटं. कापडाच्या विणीतून पांढरा दिवा टोचत होता. थेंबांचा अंमल उतरला होता, की अजून होता थोडा? कापडाबाहेर वहिनीची चप्पल वाजली. मग काहीतरी फडफडलं आणि टोचणं जरा कमी झालं. वहिनी दोन्ही हात वर करून, पलंगावरची चादर ताणून, खांबाच्या आणि तिच्या मधे उभी होती.

"लवकर आटप. हात भरून येतायत."

भिंतीवर हेडबाईंचं डोकं उगवलं. "हा काय प्रकार आहे?"

"दिवा झाकतेय," वहिनी म्हणाली.

"माझा दिवा?"

"पाच मिनिटं."

हेडबाईंनी काळ्या कापडाकडे मान केली. "तिला दिसतंय का काही?"

आत्याने दुर्बीण डोळ्याला लावली. तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं. वाटी सापडली, वाटीतले दोन सापडले. तिच्या ताऱ्याच्या जागी आधी काही नव्हतं. मग तिने नजर थोडी बाजूला वळवली, सरळ न बघता, आणि कडेला एक बारीक काहीतरी आलं, गेलं, पुन्हा आलं. सात-सहा? सात-पाच? काल रात्री बाकीच्यांनी काय लिहिलं असेल? तो विचार तिने झटकला, पण तो पुन्हा येऊन बसला.

"दिसतंय," ती कापडाखालून म्हणाली. "नीट नाही."

आठला आठ मिनिटं असताना तारा टाकीमागे गेला. वहिनीने चादर खाली टाकली आणि दंड चोळत आत गेली. दिवा पुन्हा सगळीकडे पसरला, इतका की वही वाचायला बॅटरी लागली नाही. आत्याने तारीख घातली. पेन्सिल कागदावर टेकवली. मग सात पूर्णांक सहा लिहिलं, आणि त्याच्यापुढे दोन टिंबं दिली, एकाखाली एक, नीट दाबून.